मधल्या बोटाचं मूळ

बीहाला मोजता येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर ती बाह्या सरसावून भांडायला उठली असती. हेमेईच्या छत्र्यांच्या कारखान्यात तिचं आयुष्य मोजण्यातच चाललं होतं. बारा छत्र्या झाल्या की गठ्ठा, गठ्ठ्याला दोरी, की पुढच्या बारा. यंत्रांच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून हॉलच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुकादमाला गठ्ठ्यांचा आकडा एका हातानेच दाखवायचा. पाचपर्यंत बोटं, सहाला अंगठा आणि करंगळी, दहाला बंद मूठ. दहा मोजायला दोन्ही हात लागणारी माणसं बीहाच्या मते बावळट होती. आणि सगळ्यात बावळट होती तिची आई, जिला स्वतःच्या पोरीचं वय धड मोजता येत नव्हतं.

ही आई म्हणजे जन्माची आई. बीहा महिन्याची असताना तिला हेमेईच्या एका घरात देऊन टाकलं होतं, तिथल्या मुलाची पुढे बायको व्हायची म्हणून. तेव्हा हे सर्रास चालायचं. परक्याची पोर आणून वाढवली की पुढे लग्नाचा खर्च वाचतो आणि तोवर घरात राबायला दोन हात फुकट मिळतात. असल्या हिशेबात आमची माणसं कधी कमी पडली नाहीत.

वर्षातून एकदा, देवळाच्या जत्रेच्या सुमाराला, आई समुद्राकाठच्या गावाहून बसने यायची. डब्यात सोललेली कालवं असायची. जन्मभर कालवं फोडून तिचा अंगठा पाट्यासारखा खरखरीत झाला होता. आल्या आल्या ती बीहाचा डावा हात ओढून घ्यायची, मधल्या बोटाच्या मुळाशी तो अंगठा टेकवायची आणि मोजायला लागायची. एक. मग अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाचं मूळ, तिथून पेरापेराने वर, मग बोटांच्या टोकांवरून करंगळीपर्यंत, करंगळी उतरून पुन्हा मधल्या बोटाच्या मुळाशी. हाताच्या कडेकडेने बारा घरं. बीहाला गुदगुल्या व्हायच्या. पण फेरी संपवून आई जो आकडा सांगायची, तो नेमका चुकायचा.

‘तेरा,’ ती एकदा म्हणाली होती. ‘बघ, एक फेरी पुरी झाली. आलीस घरी.’

‘अकरा गं आई! शाळेत अकरा लिहिलंय.’

‘शाळेत काय वाटेल ते लिहितील.’

‘आणि तू काय वाटेल ते मोजशील. पोर तुझी आणि वय तुला ठाऊक नाही!’

‘बरं बाई, अकरा तर अकरा,’ आई म्हणाली आणि तिने डबा उघडला.

होणाऱ्या सासूच्या घरात वय कुणी विचारत नसे, साल विचारत. बीहाच्या जन्माची नोंद होती ती सरकारी साल, म्हणजे प्रजासत्ताक झाल्यापासून मोजलेलं, एकोणचाळीस, पहिला महिना. बारा जनावरांची बारा सालं फिरून फिरून येतात, त्यांत एकोणचाळीस म्हणजे वाघाचं साल, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि वाघाच्या सालची मुलगी म्हणजे घरात आणून बांधलेलं संकट. तिने कुणाच्या लग्नात नवरीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, बाळंतिणीच्या दारात उभं राहायचं नाही, व्यालेल्या डुकरिणीकडेसुद्धा बघायचं नाही. सासू म्हणायची, ‘बघशील तर खाशील.’ ज्या मुलासाठी तिला आणलं होतं, तो मोठा झाल्यावर सरळ म्हणाला, ‘वाघिणीशेजारी झोपायला मला वेड लागलंय का?’ आणि तैपेईला जाऊन दुसरीशी लग्न करून मोकळा झाला. पुढे बीहाला बघायला जे आले, ते साल ऐकून चहा अर्धा टाकून उठले. मग ती कारखान्याच्या वसतिगृहात राहायला गेली, ती तिथेच राहिली.

जत्रेला आलेल्या आईसमोर सासू एकदाच ‘तुमची ही वाघीण’ म्हणून सुरू झाली होती. आई चटकन म्हणाली होती, ‘पण ताई, ही तर...’ सासूने तिला पुढे बोलूच दिलं नाही. ‘कागदावर आहे ते खोटं का? वाचता येतं तुम्हाला?’ आईला वाचता येत नव्हतं. तिने मान खाली घातली आणि बीहाचा हात हातात घेऊन नुसती बसून राहिली. बीहाला त्या दिवशी तिची भयंकर लाज वाटली होती. ‘ही तर’ काय, ते तिने पुढे कधी विचारलं नाही.

आई गेल्याचा फोन कारखान्याच्या ऑफिसात आला तेव्हा बीहाच्या हातात अर्धवट बांधलेला गठ्ठा होता. तिने तो पुरा बांधला, मग रजा मागितली. बसमध्ये तिला रडू आलं नाही. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती, की दोन वर्षांत आपण तिला पाहिलेलं नाही. आईचे पाय सुजले म्हणून तिचं येणं थांबलं होतं, आणि आपल्याला रजा नाही म्हणून आपण गेलो नव्हतो. तिचा चेहरा आठवायला गेलं तर डबा आठवायचा, अंगठा आठवायचा, चेहरा काही नीट येईना. तो एकदा डोळे भरून बघायचा होता. बाकी तिला त्या घरातून काही नको होतं.

परघरी गेलेल्या मुलीने आई गेल्यावर गल्लीच्या तोंडापासून रडत रांगत यायचं असतं. देऊन टाकलेल्या मुलीने काय करायचं, हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. बीहा क्षणभर उभी राहिली आणि मग गुडघ्यांवर बसली. त्या गल्लीत कालवांच्या शिंपल्यांचा चुरा अंथरलेला असतो. दारापर्यंत पोचेतो तिचे गुडघे सोलवटले होते. दारात वहिनी उभी होती.

‘आलीस? बरं झालं. आम्हाला वाटलं, कारखाना सोडतोय की नाही.’

आत आईच्या चेहऱ्यावर पांढरं कापड होतं. बीहाने हात पुढे केला तसा बूनपिनने, तिच्या थोरल्या भावाने, तो अडवला. ‘आत्ता नाही. दुपारी पेटीत ठेवताना कापड काढतात, तेव्हा सगळेच बघतील.’

बूनपिन तसा वाईट माणूस नव्हता. तो कुणाशी वाईट वागत नसे, कारण सहसा तो काहीच करत नसे. बीहा भिंतीशी बसली. बाहेर मृत्यूची सूचना लिहिणं चाललं होतं. आईचं वय एकोणसत्तर, त्यात आकाशाचं एक, पृथ्वीचं एक आणि माणसाचं एक मिळवून बहात्तर. मेलेल्याला तीन वर्षं अशी सढळ हाताने देतात. जिवंतपणी तिला कुणी काही सढळ हाताने दिल्याचं बीहाच्या ऐकिवात नव्हतं.

दुपारी खो गुरुजी आले. गावातली तीन पिढ्यांची लग्नं आणि मरणं त्यांनी पार पाडली होती. त्यांनी पंचांग उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आवाज चढवला.

‘आज माकडाचा दिवस. वाघाशी त्याचं वाकडं. त्यातून चौतीस वर्षांचा वाघ असेल त्याने तर अजिबात बघायचं नाही. उचलल्यापासून झाकण बसेपर्यंत बाहेर जाऊन पाठ करून उभं राहायचं. कोण आहे असं?’

‘कोण म्हणजे? बीहा आहे ना,’ वहिनी म्हणाली. जणू मघापासून ती या प्रश्नाचीच वाट बघत होती.

‘वय काय तुझं?’ गुरुजींनी विचारलं.

‘तेहतीस.’

‘हे आपलं, की सरकारी?’

‘ओळखपत्रावरचं. साल एकोणचाळीस, पहिला महिना.’

‘मग एक मिळव. माणूस जन्मतो तोच एक वर्षाचा असतो. ते एक सरकार खाऊन टाकतं.’ त्यांचा अंगठा यंदाच्या डुकराच्या सालापासून पेरांवर उलटा पळत सुटला आणि पहिल्या बोटाच्या मुळाशी थांबला. ‘चौतीस. वाघ. दिवसाने नाव घेऊन बोलावलंय बघ तुला.’

‘गुरुजी, मला नुसतं तोंड बघायचंय,’ बीहा म्हणाली. ‘लांबून बघते. माझ्यावर काय यायचं असेल ते येऊ दे.’

‘तुझ्यावर येऊ दे, म्हणे!’ वहिनी उसळली. ‘आणि माझ्या पोरांवर आलं म्हणजे? तू काय, संध्याकाळच्या बसने निघून जाशील. आम्हाला इथे राहायचंय.’

‘दादा, तू तरी सांग.’

बूनपिनने जमिनीकडे बघितलं. ‘नको बीहा. आईलाच वाटेत त्रास होईल. तिला त्रास झालेला चालेल का तुला?’

बीहा बाहेर गेली. अंगणाच्या टोकाला कालवं फोडायची पडवी होती. तिथे आईचं बुटकं स्टूल अजून तसंच होतं, त्यावर रबरी हातमोजे वाळत पडलेले. समोर शिंपल्यांचा ढीग. बीहा घराकडे पाठ करून त्या ढिगाकडे बघत उभी राहिली. आत कुणीतरी कापड काढलं असावं, कारण रडण्याचा एकदम कल्लोळ उठला. वहिनी सगळ्यात मोठ्याने रडत होती. शेजारपाजारची, कालपरवा लग्न होऊन आलेली, ज्यांनी आईला महिना-दोन महिने पाहिलं होतं, ती सगळी आत जाऊन बघत होती. बीहाला वाटलं, वळावं. नुसती मान वळवली तरी दारातून दिसेल. तिची मान ताठ झाली, पण वळली नाही. वाघ आपण खरोखरच असलो तर? आईला वाटेत खरोखरच त्रास झाला तर? तेहतीस वर्षं ऐकून ऐकून तिचाही त्या वाघावर विश्वास बसला होता. मग झाकणाचे खिळे ठोकणाऱ्या मामांचा, आईच्या भावाचा, हातोडा वाजला, चारही कोपऱ्यांवर, आणि गुरुजींनी आतून हाक दिली, ‘वाघांनी आता यायला हरकत नाही.’

ती आत आली तेव्हा पेटीच्या फटींवर लाख चढवणं चाललं होतं.

नंतर अंगणात जेवणं झाली. भाताची पेज, खारवलेला मुळा, टोफू. बूनपिनचं रडून झालं होतं आणि आता त्याला बोलावंसं वाटत होतं. बहिणीबद्दल मनात कुठेतरी टोचत असावं, म्हणून तो तिच्याशेजारी येऊन बसला आणि जुन्या गोष्टी काढू लागला.

‘तू झालीस ना, त्या दिवशी काय गोंधळ! आजीने नवीन वर्षाचे तांदळाचे केक वाफवायला ठेवलेले. आणि तू नेमकी तेव्हाच रडायला लागलीस. केक वाफताना घरात कुणी रडू नये म्हणतात; बसले सगळे. आजी म्हणाली, या पोरीने वर्षाचा घास घालवला. मी सात वर्षांचा होतो, मला तेवढंच आठवतंय. तसल्या कच्च्या केकचे तुकडे आम्ही नवीन वर्षाच्या दिवशी खाल्ले.’

बीहाच्या जेवायच्या काड्या वाडग्यातच राहिल्या. ‘म्हणजे नवीन वर्ष यायचं होतं? की येऊन गेलं होतं?’

‘यायचंच होतं की. येऊन गेल्यावर केक कोण करतं? खुळीच आहेस.’

‘दादा, नक्की?’

‘आता केक मी स्वतः खाल्ले म्हणतो ना!’

बीहाने वाडगा खाली ठेवला. मोजण्यात ती कच्ची नव्हतीच. सरकारचं साल सरकारच्या पहिल्या महिन्यात बदलतं. आपलं साल त्यानंतर, अमावास्या बघून. सरकारचा पहिला महिना चालू असतो तेव्हा आपला बारावा अजून संपायचा असतो. हे कारखान्यातली पोरगीसुद्धा जाणते, कारण दोन्ही नवीन वर्षांची सुट्टी वेगळी मिळते. आणि हे तिच्या बाबतीत, एवढ्या वर्षांत, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

गुरुजी ओसरीत एकटेच घंटा आणि पंचांग पिशवीत भरत होते.

‘गुरुजी, बाराव्या महिन्यात जन्मलेल्याचं वय कसं धरता?’

‘दोन मिळवून. जन्मताच एक, आणि पुढच्या काही दिवसांत नवीन वर्ष लागतं, त्याचं दुसरं. यात काय...’ बोलता बोलता ते थांबले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. ‘का?’

‘मी केकच्या दिवशी झालेय. दादा म्हणतो.’

त्यांचा अंगठा पुन्हा पेरांवर गेला, पण या वेळी सावकाश. पहिल्या बोटाच्या मुळाशी आला, आणि एक घर पुढे सरकला.

‘पस्तीस,’ ते हळूच म्हणाले. ‘बैल.’

‘बैल कुठे बसतो गुरुजी? मला दाखवा. माझ्या हातावर दाखवा.’

त्यांनी नाइलाजाने बोट टेकवलं. मधल्या बोटाच्या मुळाशी.

बीहाला तिथे दुसराच अंगठा जाणवला, खरखरीत. दर वर्षी तिथूनच सुरुवात. कधी एकदाही पहिल्या बोटापासून नाही, कधी विसरून करंगळीपासून नाही. एक म्हणजे इथं. आलीस घरी. आईचा आकडा एकदाही चुकला नव्हता. चुकलं होतं ते शाळेचं, सरकारचं, सासूचं, पंचांगवाल्याचं, आणि ज्या पोरीच्या तळहातावर ती मोजत होती त्या पोरीचं. सगळ्या मुलखात बीहा वाघ नाही हे एका बाईला ठाऊक होतं, आणि तिला वाचता येत नाही म्हणून तिला गप्प बसवण्यात आलं होतं. बीहाला इतका संताप आला, की समोरच्या म्हाताऱ्याची पिशवी उचलून अंगणात भिरकावून द्यावी.

‘म्हणजे मी बघू शकले असते.’

‘मला जे सांगितलं ते मी मोजलं. साल एकोणचाळीस तूच म्हणालीस.’

‘तुम्ही महिना ऐकलात ना? पहिला महिना म्हणाले होते मी.’

गुरुजींनी पंचांग पिशवीत टाकलं.

‘उघडता येईल?’

‘पेटी? वेड लागलं का? लाख लागली. आता उघडणं म्हणजे...’ ते कुजबुजले, ‘हे बघ पोरी, बैलाने पाठ केली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. झालं ते झालं. मी उद्या तुझ्या भावाला आणि सगळ्यांना नीट समजावून सांगतो, की तू बैल. यापुढे कुणी तुला वाघीण म्हणणार नाही. तेवढं मी करतो.’ आणि सवयीने त्यांनी पंचांग परत काढून दफनाच्या दिवसाचं पान उलटलं. बोट ओळीवरून खाली गेलं आणि अडकलं.

‘काय झालं?’

‘मेंढीचा दिवस आहे.’

‘मग?’

त्यांनी पंचांग मिटलं. ‘मेंढीचं बैलाशी वाकडं. पेटी खाली सोडताना आणि माती टाकताना बैलांनी डोंगराकडे तोंड करून उभं राहायचं. सगळ्याच बैलांनी. मी काही घरचा नियम केलेला नाही.’

बीहाला हसू आलं, आणि ते हसू तिचं तिलाच आवडलं नाही. तेहतीस वर्षं, की पस्तीस, ज्या नावापायी तिने दारं बंद झालेली पाहिली, ते नाव आत्ता एका शब्दात पुसून टाकता आलं असतं. आईने जन्मभर मोजलेलं शेवटी चारचौघांत खरं ठरलं असतं. आणि मग आईवर माती पडताना ती पुन्हा एकदा पाठ करून उभी राहिली असती.

ओसरीच्या पायरीवर वहिनी रिकामे वाडगे घेऊन आली. ‘काय गं, काय एवढं विचारतेयस गुरुजींना? त्यांना जेवू तरी दे.’

गुरुजींनी बीहाकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं होतं, आणि ते कुठला शब्द उच्चारतील हे त्यांनाही ठाऊक नसावं.

‘काही नाही वहिनी,’ बीहा म्हणाली. तिने डाव्या हाताची मूठ मिटली होती आणि अंगठा आत, मधल्या बोटाच्या मुळावर, दाबून धरला होता. ‘मी वाघच ना, तेवढं पक्कं करून घेत होते.’

‘त्यात काय पक्कं करायचंय?’ वहिनी म्हणाली. ‘सगळ्या गावाला ठाऊक आहे.’